चाखायचं नाही

शिवांगीने काचेचे तीन पेले बाबांच्या जुन्या धोतराच्या फडक्याने पुसले, खिडकीच्या उजेडाकडे धरून पाहिले आणि जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडले. तिची आई, कौशल्याबाई, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात सोवळ्याने उभ्या होत्या. हातात पळी होती.

"बस ने आई. पाचच मिनिटं."

"बासुंदी आहे गॅसवर."

"मंद आहे, आटू दे. मला अगदी नवशिकं माणूस हवंय. जन्मात ज्यानं वाइनचा थेंब पाहिला नाही, असं."

"मग मीच बरी," कौशल्याबाई म्हणाल्या. "शेजारी काही नवशिके नाहीत."

शिवांगी खुदकन हसली. महिन्याभरात ती पहिल्यांदाच अशी हसली होती. सोमवारपासून तिला नाशिकजवळच्या एका द्राक्षमळ्यात नोकरीवर रुजू व्हायचं होतं. येणाऱ्या पाहुण्यांना वाइन कशी निवडायची, कशी चाखायची, ते शिकवायचं. ही बातमी कळली त्या दिवशी कौशल्याबाईंच्या हातातलं ताट खाली पडलं होतं. राममंदिरात त्यांनी सांगितलं, मुलगी फळांच्या कंपनीत लागली. आणि काल शिवांगी नैवेद्याचा नारळ खवायला आली, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "तू राहू दे." त्यानंतर शिवांगी उंबऱ्याच्या आत गेली नव्हती.

"बाटली नाही ना आणलीस?"

"कशी आणेन? गुजरातेत आहोत. पेल्यात कोकम सरबत आहे. आणि वासासाठी ह्या." तिने एक लाकडी पेटी उघडली. आत मखमलीत बारा कुप्या होत्या. नावं नव्हती, नुसते आकडे.

कौशल्याबाई कशालाही न शिवता, अंग चोरून खुर्चीच्या कडेवर टेकल्या.

"पेला ह्या दांड्याला धरायचा. वर धरला की हाताच्या उबेनं चव बिघडते."

"नीरांजन धरावं तसा."

"अगदी तसा. आता ऐक. आधी डोळा. मग नाक. मग एक घोट घ्यायचा, तोंडात फिरवायचा आणि थुंकायचा."

"थुंकायचा?" कौशल्याबाईंनी पळी मांडीवर ठेवली. "एवढ्या लांबून माणसं थुंकायला येतात?"

"दहा चवी घ्यायच्या तर गिळून कसं चालेल? तिसऱ्यालाच डोलायला लागतील."

"डोलायला कीर्तन पुरतं माणसाला."

"बरं बाई. नवशिक्यानं हलक्यापासून सुरुवात करायची. पांढरी आधी, लाल नंतर. जेवण तिखट असेल तर जराशी गोडसर निवडायची. बाटलीवरच्या चित्राला भुलायचं नाही. आणि मुख्य म्हणजे जीभ बिचारी गोड, आंबट, खारट, कडू, एवढंच ओळखते. बाकी सगळं नाक." शिवांगीने पहिल्या कुपीचं बूच सैल केलं. "म्हणजे तुला शिकवायची खरं तर गरजच नाही."

कौशल्याबाईंनी मान खाली घातली, पण त्यांना बरं वाटलं. एकतीस वर्षं दांडिया बाजारातल्या त्या राममंदिराच्या रामनवमी उत्सवाचा नैवेद्य त्यांच्या हातचा होता. देवाच्या आधी जिभेला लावायचं नाही. आमटीत मीठ पुरेसं आहे की नाही, हे त्यांना वाफेवरून कळायचं. कोणी खोचकपणे म्हणालं की वास घेतला तर तोही उष्टाच की, तर त्या सांगत, वास आपण घेत नाही, तो आपण होऊन येतो. एकदा आख्यान रंगात आलेलं असताना बुवांनी टाळ थांबवून भर सभेत म्हटलं होतं, "ह्या माउलीचं नाकसुद्धा रामाच्या सेवेत आहे." ते वाक्य त्यांनी दागिन्यासारखं जपलं होतं. परवावर उत्सवाचं पारणं आलं होतं, अडीचशे पानं. त्यांचे यजमान भास्करराव रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून उत्सवाच्या कामात होते. गुडघे दुखत असूनही गेली काही वर्षं नैवेद्याची पातेली पडद्याआडून पंगतीत तेच आणत. कोणाला हात लावू देत नसत. आत त्यांना वेळही लागे. "काय करता हो एवढं?" असं विचारलं तर म्हणत, "रामरायाशी दोन शब्द."

शिवांगीने कुपी आईच्या नाकाशी धरली.

"काय येतंय?"

कौशल्याबाईंनी डोळे मिटून श्वास ओढला. "पाणी आहे."

"बरं, ही?"

"ह्यातही काही नाही."

"ही तिसरी?"

"उडून गेलंय गं तुझं सगळं. हल्ली कशालाच वास राहिलेला नाही. हिंगाचंच घे, चार वर्षांत तीन दुकानं बदलली मी. सगळी भेसळ. जाईचा गजरासुद्धा नुसता पांढरा असतो."

शिवांगीने चौथी सोडून पाचवी कुपी उघडली. तिच्या स्वतःच्याच डोळ्यांत पाणी आलं. ती लवंग होती.

कौशल्याबाई बराच वेळ श्वास ओढत राहिल्या. मग मुलीच्या तोंडाकडे पाहत म्हणाल्या, "गुलाब?"

शिवांगीने बूच घट्ट लावलं. "नको असेल तर सरळ सांग ना. नोकरीचा राग कुप्यांवर कशाला काढतेस?"

"राग नाही गं."

"मग लवंगेला गुलाब कसं म्हणतेस? तू?"

कौशल्याबाई काही बोलणार, तेवढ्यात शिवांगीने मान वळवली. ती ताडकन उठली आणि उंबऱ्यापर्यंत धावली. तिथे थबकली.

"आई, दूध! लागलंय दूध!"

कौशल्याबाई खुर्चीवरच होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नव्हती.

"कशावरून?" त्यांनी विचारलं.

शिवांगी वळली. कुठल्याही क्षणी आई हसेल असं तिला वाटत होतं. आई हसली नाही.

"घरभर वास सुटलाय," ती हळू म्हणाली.

कौशल्याबाई उठल्या, आत गेल्या, गॅस बंद केला. पळी तळाशी घालून फिरवली तशा करपलेल्या तपकिरी खपल्या वर आल्या. त्यांनी पातेल्यावर तोंड वाकवलं आणि तशाच राहिल्या. चष्म्याच्या काचा वाफेने पांढऱ्या झाल्या, तरी त्यांनी मान वर केली नाही.

मग त्या देवघराशी गेल्या. कापराची डबी उघडून नाकाशी नेली. पुन्हा नेली.

"जुना झालाय," त्या म्हणाल्या. "ह्यांनी उत्सवासाठी नवा आणलाय."

भास्कररावांची कीर्तनाला न्यायची पिशवी खुंटीला होती. आपण सोवळ्यात आहोत आणि पिशवी ओवळी आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. झांजा, उपरणं, चष्म्याचं घर त्यांनी एकेक करून बाहेर काढलं. कापराचा नवा पुडा मिळाला. तो फोडून त्यांनी मूठभर वड्या तोंडासमोर धरल्या. शिवांगीला चार पावलांवरून कापूर झोंबला.

कौशल्याबाईंनी वड्या ठेवून दिल्या आणि पुन्हा पिशवीत हात घातला. तळाशी स्टीलची एक लहान डबी होती. एक लिंबू. कागदात बांधलेली वेलदोड्याची पूड. आणि लांब दांड्याचा एक चमचा.

डबी अर्धी रिकामी होती. त्यांनी बोट बुडवून जिभेला लावलं.

"मीठ," त्या म्हणाल्या.

खाली रस्त्यावर कोणीतरी स्कूटरला किका मारत होतं. ती सुरू होईना.

"चार वर्षं," कौशल्याबाई म्हणाल्या. त्या देवघरासमोर जमिनीवर बसल्या होत्या. "चार वर्षं मी रामाला काय वाढलं गं? त्यानं कधी काही म्हटलं नाही." मग डबीचं झाकण लावत, "ह्यांनीही नाही."

जिन्यात चपला वाजल्या. कौशल्याबाईंनी भराभर सगळं पिशवीत कोंबलं. डबी मात्र पदराआड राहिली.

भास्करराव झेंडूच्या माळांचं पुडकं घेऊन दारात आले. तिथेच क्षणभर त्यांचा श्वास अडखळला. त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं, मग बायकोकडे, मग तोंड भरून हसले.

"वा! बासुंदी काय आटलीय आज! जिन्यापर्यंत घमघमाट."

शिवांगीने तोंड उघडलं. कौशल्याबाईंनी तिच्याकडे पाहिलं, तशी तिने ते मिटलं.

"झाली तुमची शिकवणी? शिष्या कशी आहे?"

"चांगली आहे, बाबा."

"असणारच," भास्करराव म्हणाले.

"हातपाय धुऊन घ्या," कौशल्याबाई म्हणाल्या. "आणि मग चार लिटर दूध आणा. बासुंदी थोडी कमी पडेल असं वाटतंय."

"आणतो की." ते गुडघ्यावर हात ठेवत मोरीकडे गेले. नळ सुटल्याचा आवाज आला.

"शिवांगी, तूही आंघोळ करून घे. माझं दुसरं सोवळं दांडीवर आहे, ते नेस."

"मी?" शिवांगी उंबऱ्याकडे पाहत राहिली.

"माझ्या शेजारी उभी राहा. आजही आणि परवाही. चाखायचं नाही. वाकून हुंगायचंही नाही. वास आपण होऊन येतो." त्यांनी पदराआडची डबी मुठीत घट्ट धरली. "आला की मला सांग."

शिवांगीने मान डोलावली आणि पेले उचलायला वळली. कौशल्याबाई भिंतीला धरून उठल्या. ओट्यावरच्या बरणीतलं मीठ घेऊन त्यांनी ती डबी काठोकाठ भरली, पिशवीच्या तळाशी होती तशी ठेवली आणि पिशवी पुन्हा खुंटीला लावली.