ओतो प्रिएदेची तिसरी

आउस्माने दाताळे उचलले आणि दुसऱ्याच्या घरच्या कबरीवरची वाळू ओढायला सुरुवात केली.

पाइनच्या सुया तिने आधीच हाताने वेचल्या होत्या. आता दगडापासून मागे मागे सरकत ती रेघा ओढत होती, म्हणजे पावलांची खूण उरत नाही. दगडावर ओतो प्रिएदे एवढेच नाव आणि दोन सालं होती. संगीतकार असल्याचा उल्लेख कुठे नव्हता.

आसपासच्या कबरींवर माणसे जमू लागली होती. सिलेनीतला कबरींचा सण वर्षातून एकदा येतो आणि त्या दिवशी आयर्लंडला कोंबड्या सोलायला गेलेली पोरेसुद्धा घरी येतात. जो येत नाही त्याच्याबद्दल गाव वर्षभर बोलते. म्हणजे ओतोची भाची झेल्मा आज इथे येणारच, हे धरून आउस्मा राजधानीहून, रिगाहून, पहिल्या बसने आली होती. झेल्मा पत्राला उत्तर देत नव्हती, फोन आपटत होती. आता ही कबर तेवढी राहिली होती.

"ठेवा ते दाताळं खाली."

झेल्मा समोर उभी होती. सत्तरीची, आडव्या बांध्याची, गावच्या बँडचा निळा कोट घातलेली. काखेत ट्यूबा, बँडमधले ते सर्वांत अवजड पितळी वाद्य, अशी धरली होती, जशी एखादी आडदांड मेंढी.

"ही माझ्या मामाची कबर आहे. तो तुमचा कोण लागतो?"

"कोणी नाही. पण गवत उगवलं होतं."

"खोटं बोलू नका. परवाच मी स्वतः उपटलं."

"मग नीट उपटलं नाहीत."

झेल्माच्या मागे ट्रंपेट घेऊन म्हातारा झानिस उभा होता. त्याने हसू खोकल्यात लपवले.

"तुम्ही त्या रिगाच्या व्हायोलावाल्या बाई ना?" झेल्मा म्हणाली. "किती वेळा सांगू? कागद नाहीत. मामाने स्वतःच्या हाताने चुलीत घातले. लाकडं मी पुढे करत होते, लहान होते तेव्हा. झालं समाधान?"

"नाही झालं," आउस्मा म्हणाली आणि राहिलेली रेघ पुरी केली.

समाधान कसे होणार? ओतो प्रिएदेच्या चार सिंफन्या, पूर्ण वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचना. निवृत्तीनंतरची सगळी वर्षे तिने त्यांच्या मागे घालवली होती. पहिलीची स्वरलिपी वाचनालयातल्या एका गठ्ठ्यात निघाली, तीही भलत्याच माणसाच्या नावाखाली. दुसरी लिएपायाच्या संगीतशाळेतल्या कपाटात, स्वरलिपी ठेवायच्या मोडक्या स्टँडांच्या खाली. चौथीची चोरून देशाबाहेर गेलेली टेप युद्धात पळून गेलेल्या एका दंतवैद्याच्या टोरांटोतल्या तळघरात होती. त्याच्या मुलीने ती लोकरी मोज्यांत गुंडाळून पाठवली. तिसरी मात्र कुठेच नव्हती.

आणि तिसरीच तर तिने वाजवली होती! रेडिओच्या वाद्यवृंदात, व्हायोलिनहून जरा मोठ्या व्हायोलांच्या शेवटच्या स्टँडशी बसून, विशीतली असताना. तालीम तीन आठवडे चालली. मग एका सकाळी स्टँडवर कागदच नव्हते. सूर उदास आहे, श्रमिकांच्या उपयोगाचा नाही, असे वरून, पक्षाकडून, कळले होते. तालमीची टेप पुसून तिच्यावर साखरबिटाच्या लागवडीचे भाषण भरले. ओतोची नोकरी गेली, तो या गावी परतला आणि मरेपर्यंत गावचा बँड चालवत राहिला.

आता वाद्यवृंदाचा व्यवस्थापक गुंदार्स होता. पोरगा भला होता. येत्या हंगामात तो ओतोच्या सिंफन्या करणार होता. "आउस्मामावशी, तिघींवर भागवू," तो म्हणाला होता. "सोमवारी कार्यक्रमपत्रिका छापायला जाते. तिसरी अस्तित्वात नाही, असं एका ओळीत घालतो."

"त्या वेळी बंदी घालणाऱ्यांनी हेच वाक्य म्हटलं होतं," आउस्माने त्याला सुनावले होते. "शब्द न् शब्द."

पाद्रीबाबा आले. बँड पाइनखाली खुर्च्यांवर बसला. मधली एक खुर्ची रिकामीच राहिली. स्तोत्रे झाली, गेल्या वर्षभरात गेलेल्यांची नावे वाचून झाली, आणि मग बँडने एक संथ सूर धरला. माणसांनी टोप्या काढल्या. हा सूर या सणाचा, दरवर्षीचा, हे त्यांच्या उभे राहण्यावरूनच कळत होते.

आउस्माच्या ओळखीचा नव्हता तो. वर ट्रंपेट चालले होते, खाली ट्यूबा, आणि मध्ये काहीच नव्हते, जिना असावा आणि मधल्या पायऱ्याच नसाव्यात तसे. ऐकणारेही अवघडून बुटांकडे बघत होते.

तेवढ्यात तिच्या डाव्या हाताची बोटे दाताळ्याच्या दांड्यावर हलू लागली.

व्हायोलाच्या वाट्याला चाल कधी येत नाही. व्हायोलावाला लक्षात ठेवतो ते मधले सारण. तिची बोटे एकेका पायरीवर अचूक पडत होती. मग तिचे तोंड उघडले. फाटक्या, खरखरीत आवाजात ती गाऊ लागली.

"श्श! बाई, लाज बाळगा!" शेजारची बाई म्हणाली.

आउस्माने आवाज चढवला.

सूर जिन्यासारखा भरत गेला. ट्यूबा एकदा अडखळली, पण थांबली नाही. उलट एका वळणावर झेल्माने लय ओढून धरली, नेमकी तिथे, जिथे तालमीच्या तिसऱ्या आठवड्यात ओतोने वाद्यवृंदाला ती पुन्हापुन्हा ओढायला लावली होती.

वाजवणे संपले तशी झेल्मा ट्यूबा खुर्चीवर टाकून सरळ चालत आली. पाद्रीबाबा आशीर्वादासाठी हात वर करून उभे होते, ते तसेच राहिले.

"हे तुम्ही कुठून आणलंत?"

"तिसरी सिंफनी. तिसरा भाग. व्हायोला."

झेल्माने रिकाम्या खुर्चीकडे पाहिले. "एडमुंड्स वाजवायचा हे. हॉर्नवर. वसंतात गेला. आमच्यात वादकाचे कागद शवपेटीत त्याच्या उशाशी ठेवतात, आधी नक्कल करून. त्याच्या थोरल्या पोराला वाटलं धाकट्याने केली, धाकट्याला वाटलं थोरल्याने."

"मी म्हटलं उकरू या," झानिस म्हणाला. "पाद्रीबाबांना पटेना."

"म्हणजे तुमच्या मामांनी जाळण्याआधी..."

"बँडसाठी उतरवून घेतली. चार भाग चार प्रसंगांत लपवले. पहिला मयतीचा, दुसरा लग्नातल्या नाचाचा, तिसरा हा. चौथ्यावर अग्निशामक दल संचलन करायचं. जिल्ह्याचे साहेब पुढे असायचे, पाय आपटत." पहिल्यांदाच झेल्माच्या तोंडावर हसू आले. "बंदी घालणाऱ्यांतलाच तो! इतकी वर्षं त्याला त्याच सुरावर चालवलं."

"आणि मला म्हणालात, काही नाही!"

"तुम्ही कागद मागत होतात. वाजतं का, हे कधी विचारलंत?" मग तिने विचारले, "बाकीचं किती आठवतंय?"

"चारही भाग."

आउस्माने तिथेच उभे राहून गुंदार्सला फोन लावला. तो आनंदाने ओरडला, ते झानिसलाही ऐकू गेले.

"म्हणतो, सगळं रिगाला पाठवा. तिथे नीट लिहून घेऊ."

"रिगाने एकदा नेली होती," झेल्मा म्हणाली.

आउस्माने मान हलवली. "गुंदार्स, ऐक. पत्रिकेत छाप, तिसरी आहे. हवी असेल तर आधी इथे येऊन ऐक. चारही भाग, ओळीने." तिने फोन छातीशी धरला. "कधी येऊ, म्हणतोय."

"ओळीने कसं जमेल? पहिला भाग मयताशिवाय वाजवायचा नाही. मामाचा शब्द आहे."

"माझ्याकडे बघू नका," झानिस म्हणाला. "माझे बटाटे अजून जमिनीत आहेत."

दोघेतिघे हसले. झेल्मा हसली नाही. तिने दगडावरचे नाव हाताने पुसले.

"मामाला पुरायला आणलं तेव्हा फाटकाशी सरकारची दोन माणसं उभी होती. बँडला आत सोडलं नाही. वाद्यं पिशव्यांतून काढूही दिली नाहीत. एडमुंड्स रस्त्यावर उभा राहून रडला होता."

आउस्माने फोन पुन्हा कानाला लावला.

"शनिवारी ये," ती म्हणाली. "अकरा वाजता, सिलेनीच्या दफनभूमीत. काळे कपडे घाल, फुलं आण... कोण गेलं म्हणजे? ओतो प्रिएदे... हो रे बाबा, मला माहीत आहे कधी गेले ते. पोचवायचे राहिलेत."