खाली गेलेली माती

डोंगर जागचा हलत नाही असं म्हणणाऱ्याने अंबूबाईचं शेत बघितलेलं नसावं. पोशीर गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी तिचं भाताचं खाचर होतं. त्याच्या वर उघडा कातळ. उन्हाळाभर तो तापायचा, पावसाळाभर भिजायचा, भेगांत गवताची मुळं शिरायची आणि कांद्यासारखे त्याचे पापुद्रे सुटायचे. पापुद्र्यांचा मुरूम व्हायचा, मुरमाची माती. ती माती पाऊस अंबूबाईच्या खाचरात आणून टाकायचा, पण तिथे राहू द्यायचा नाही. आणलेल्याहून जास्त माती तो खालच्या खाचरात नेऊन घालायचा. पावसाला जाब कोण विचारणार?

खालचं खाचर तिच्या धाकट्या दिराचं, गजाचं. त्यामुळे भात कापून झालं की दरसाल अंबूबाई पाटी घेऊन खाली उतरायची आणि वाहून गेलेली माती डोक्यावरून परत वर आणायची. गजा फावड्याने पाटी भरून तिच्या डोक्यावर द्यायचा. नवरा होता तोवर दोघं मिळून आणायची, तो गेल्यावर ती एकटी. मान मोडून यायची, जीव विटायचा. पण माती आणली नाही तर रोप लावायचं कशात, कातळात?

यंदा गजाने खाचर विकलं. मुंबईच्या एका माणसाने ते फार्महाऊससाठी घेतलं, भोवती तारेचं कुंपण घातलं आणि गजालाच तिथे वॉचमन ठेवलं. स्वतःच्याच शेतावर पगारी राखणदार व्हायचं भाग्य काही सगळ्यांच्या नशिबी नसतं.

अंबूबाई सवयीने पाटी घेऊन उतरली. गेटला कुलूप होतं. आत गजा खाकी शर्ट घालून खुर्चीवर बसला होता.

"उघड रं," ती म्हणाली.

गजा उठला, पण त्याने किल्लीला हात लावला नाही. "वैनी, माती नाय नेता येनार. मालक म्हनतो, जागेत हाय ते सारं माजं."

"आरं, ती माज्या शेतातली माती हाय."

"मी सांगितलं त्याला. तो म्हनला, मी थोडीच आनली, पावसानं आनली."

कुंपणापलीकडे तिच्या मातीवर हिरवळ लावली होती आणि पाण्याचा फवारा फिरत होता. अंबूबाईला राग आला, पण रागापेक्षा थकवाच जास्त आला. आपलेच दात, आपलेच ओठ; बोलणार कोणाला? रिकामी पाटी घेऊन ती वर आली.

तिच्या खाचरात वरच्या कोपऱ्याला चटईएवढा कातळ उघडा पडला होता. मातीचा बांध जागोजागी ढासळलेला. अजून एक पावसाळा असाच गेला तर लावणीपुरती माती उरणार नव्हती.  मग तिने घरून पहार आणली आणि कातळाचे सुटलेले पापुद्रे उचकटून बांधावर रचायला लागली. वरचे थर सहज निघाले, आतला दगड काही दाद देईना. ऊन कलेपर्यंत जेमतेम हातभर बांध उभा राहिला आणि कंबर धरली.

ड्युटी संपल्यावर गजा वर आला. अंगात तोच खाकी शर्ट. तिला न हलवता आलेला मोठा दगड त्याने उचलला आणि बांधाच्या पायाला बसवला. अंबूबाईने त्याला ये म्हटलं नाही, जाही म्हटलं नाही. दोघं दगड लावत राहिली.

"वैनी," जरा वेळाने गजा म्हणाला, "ह्यो दगडी बांध आदीच घातला आसता तर? येवडी वर्सं उगाच माती वाहिलीस."

अंबूबाईने पदराला हात पुसले.

"तवा कशाला घालू रं बांध? माती खाली गेली तरी घरातच जायची."

गजाच्या हातातला दगड हातातच राहिला. मग त्याने तो बांधावर ठेवला आणि तिच्याकडे न बघता दुसरा आणायला गेला.