इस्त्री केलेलं पुस्तक

पुस्तकांची नवी मालिका सुरू करायची ती दोघींनी मिळून, हा इस्त्रीच्या दुकानातल्या दोन बहिणींचा कायदा होता. सुट्टीच्या दुपारी शटर अर्धं खाली ओढायचं, कपड्यांच्या गाठोड्यांवर ऐसपैस बसायचं आणि एक प्रकरण थोरलीनं, एक धाकटीनं मोठ्यानं वाचायचं. पुढे डोकवायला बंदी. कायदा थोरलीनं केलेला, तेव्हा मोडायचा तो धाकटीनंच, हे ओघानं आलं.

या वेळच्या मालिकेचे सात भाग होते. पहिल्यात रात्रपाळीची एक टॅक्सीवाली होती आणि शहरातल्या सिग्नलच्या खांबांत कोंडलेले जादूगार. लाल दिवा उगाच लांबला की समजायचं, आत कुणीतरी कण्हतंय. थोरलीला पहिल्या पानालाच हे पटलं. एरवी एखादी गोष्ट आवडली तरी आठवडाभर तसं कबूल करायची नाही, अशी बाई.

दुसरं प्रकरण धाकटीचं. त्यात चौकातला म्हातारा फुगेवाला टॅक्सीवालीला फुकटचा सल्ला देतो, "पोरी, पिवळ्यावर कधी थांबू नकोस." थोरली खो खो हसली. धाकटीनं मात्र नाक ओढत डोळे पुसले.

थोरलीचं हसू तिथंच आटलं.

"मरतो का गं तो?"

"कोण?"

"तुझा फुगेवाला. आत्ता कुठे ओळख झाली आणि लगेच रडं?"

"सर्दी झालीय, ताई."

"पुस्तक आण इकडे."

पानं सपाट होती. नको तितकी सपाट, कडक कॉलरसारखी. उजेडाकडे धरल्यावर पाण्याच्या पुसट लाटा दिसल्या आणि कोपऱ्यात इस्त्रीच्या टोकाचा तपकिरी डाग. धाकटी न्हाणीघरात बादलीशेजारी वाचत बसते, हे घरात सगळ्यांना ठाऊक. पण भिजलेलं पुस्तक इस्त्रीनं वाळवून कोरं म्हणून पुढे ठेवायचं, ही अक्कल याच घरात निपजायची.

"ताकाला जाऊन भांडं लपवतेस, भवाने? आणि तेही इस्त्रीवालीपासून? सगळं वाचलंस?"

"सगळं."

"का?"

धाकटीनं पदराशी चाळा केला. "सात भाग आहेत, ताई. बघत होते, सुरू करावी की नाही. मला नोकरी लागलीय. दुसऱ्या शहरात, एका हॉटेलच्या लाँड्रीत. पुढच्या महिन्यात जायचंय. आपली मालिका काही पुरी व्हायची नाही."

थोरलीचा आरडाओरडा स्वस्तातला. गिऱ्हाइकाला, नवऱ्याला, मांजराला, कुणालाही मिळे. खरा राग आला की तिचा आवाज खाली जाई. आता तो पार तळाला गेला.

"जायचंय तर जा. पण मला कधी सांगणार होतीस? फुगेवाला मेल्यावर?"

"तू चिडशील म्हणून..."

"मग आता काय मी ओवाळतेय तुला?"

तिनं पुस्तक टेबलावर आपटलं. इस्त्रीच्या आचेनं कण्याचा गोंद आधीच सैल झाला होता. पुस्तकानं जीव सोडला. टॅक्सीवाली टेबलाखाली, जादूगार गाठोड्यांवर, फुगेवाला थेट शटरपाशी.

धाकटी रडायला लागली. थोरलीनं तिच्याकडे बघितलंही नाही. गुडघ्यांवर बसून तिनं पानं गोळा केली, जुळवली आणि गिऱ्हाइकांचे कपडे लावावेत तसे दोन ढीग लावले. एक प्रकरण इकडे, एक तिकडे.

"हे काय करतेस, ताई?"

"एकाआड एक प्रकरणं तुझी. घेऊन जा. सुट्टीच्या दुपारी फोन करायचा आणि वाचून दाखवायचं. मग मी माझं वाचेन. तुझ्याशिवाय मला पुढचं कळायचं नाही, म्हणजे फोन चुकला तर पाप तुझ्या माथी."

"आणि मला तर सगळं माहितीय."

"ती तुझी शिक्षा. तोंड मिटून भोगायची. फुगेवाल्याच्या वेळी परत हुंदका ऐकू आला तर फोनमधून कान पिळीन."

धाकटीनं नाक पुसलं, आपला ढीग छातीशी धरला. "आणि बाकीचे सहा भाग?"

थोरलीनं शटर खाडकन वर ढकललं. राग अजून तसूभरही उतरला नव्हता.

"घेशील तेव्हा न वाचता आधी इस्त्री फिरव. कणा सुटला पाहिजे."