मुंग्या लागलेला अरुगुला

"सांगितलं तर कुणाचा विश्वास बसायचा नाही," घड्याळकाका जेवायला बसता बसता म्हणाले, "पण आपल्या अरुगुलाएवढं गोड पान अख्ख्या गावात मिळणार नाही."

सुनेने हसू गिळलं. घड्याळं दुरुस्त करण्यात काकांचं आयुष्य गेलं, पण त्यांच्या जिभेला चावी मिळाली की काटे कुठेही फिरायचे. पूर्वी काकू त्यांची थाप जागच्या जागी पकडायच्या. तापातून उठल्यापासून मात्र त्यांच्या तोंडाची चव गेली होती, आणि चवीबरोबर भांडायची हौसही. काहीही वाढा, चार घास कागदासारखे चघळून ताट बाजूला सारायच्या. अंगावरचे कपडे सैल होत चालले होते.

म्हणून तर काकांनी गॅलरीतल्या फुटक्या टबात अरुगुला हा विलायती पाला पेरला होता. बियाणंवाला म्हणाला होता, मोहरीसारखा झणका असतो, मेलेली जीभ उठून बसेल. बी दाट पडलं, तेव्हा घड्याळाच्या चिमट्याने एकेक रोप उपटून काकांनी ते विरळ केलं. वरची पानं कात्रीने कापायची, खालून पुन्हा फुटायची. लिंबू, मीठ, तेल लावून रोज काकूंपुढे. काकू खायच्या, बोलायच्या काहीच नाहीत.

मग ऊन तापलं. रोपांनी उंच दांडे काढले, पांढरी फुलं आली आणि पानं इतकी कडू झाली की मुलाने पहिल्याच घासाला पाणी मागितलं. सून म्हणाली, "बाबा, आता उपटून टाका." काकांनी आधी उरलीसुरली पानं कापून वाटीत आणली.

तीच वाटी त्यांनी आता काकूंपुढे सरकवली. काकूंनी घास घेतला. काका त्यांच्या जबड्यावर नजर ठेवून सांगत सुटले. टबाला म्हणे मुंग्या लागल्या होत्या. खालच्या मजल्यावरची बाई चहात साखरेऐवजी पान बुडवते. काल एक पान दुरुस्तीच्या घड्याळात पडलं, तर काटे पाकात चिकटले आणि दिवे लागेपर्यंत दुपारचे दोनच वाजत राहिले.

मुलगा हसला. काका हसले नाहीत. काकूंचा जबडा थांबला होता. कपाळावर आठी पडली, तोंड वाकडं झालं.

"मुंग्या कसल्या, डोंबलाच्या? सगळ्या थापा," काकू म्हणाल्या. "कडूजहर आहे हे."