नखाएवढी जागा

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. जुना म्हणजे किती ते विचारू नका. तुमच्या पणजोबांचे पणजोबाही माझ्यापुढे रांगते बाळ. आज जिथे आयफेल नावाच्या टेकड्या आहेत, तिथे तेव्हा उबदार समुद्र होता आणि त्याच्या तळाशी मी ब्रॅकिओपॉड नावाचा, दोन झाकणांचा लहानसा जीव होतो. पुढे गाळात गाडला गेलो आणि त्या गाळासकट दगड झालो. लोक मला शिंपला म्हणतात. मी शिंपला नाही, पण कोणाकोणाची समजूत काढत बसू?

नांगरलेल्या शेतात मला मेख्टिल्डने उचलले. सोबत तिचा नवरा लेओनहार्ट होता.

"टाक तो, नुसतं ढेकूळ आहे," तो म्हणाला.

"तूही ढेकूळच होतास. तरी पदरात घेतलंच ना तुला?" असे म्हणून तिने मला खिशात घातले.

त्या भागातले संग्राहक दगड विकत नसत, बदलत. न साफ केलेला दगड द्यायचा आणि तसाच घ्यायचा. आत काय निघेल ते घेणाऱ्याचे नशीब. मलाही बदलायचेच ठरले होते, पण मेख्टिल्डला राहवेना. एका दुपारी तिने भिंगाखाली मला धरून सुईने वरचा घट्ट थर खरवडला आणि माझ्या पाठीवरची नखाएवढी जागा उघडी केली. कोट्यवधी वर्षांनी मला उजेड दिसला हो! "बाकीचा उद्या," ती म्हणाली. संध्याकाळी तिला इस्पितळात नेले, ती परत आलीच नाही.

लेओनहार्टने मला स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवले. रोज सकाळी कॉफी होईपर्यंत तो त्या नखाएवढ्या जागेवर अंगठा ठेवून उभा राही. बाकी सगळा मी मातीचा गोळाच होतो. बदल्यात मला मागणारे कमी नव्हते, पण तो कोणाला दाद देत नसे.

मग गुडघ्यांच्या उपचारासाठी तो काही आठवडे आरोग्यधामात गेला. घरी त्याची मुलगी हेडविग होती. एक दिवस एगॉन आला. हा लेओनहार्टचा जुना मित्र, आणि सुईच्या कामात त्याचा हात धरणारे कोणी नव्हते.

"हेडविग, तुझ्या आईचं काम असं अर्धवट पडलंय, बघवत नाही गं," तो मला हातात घेऊन म्हणाला. "मी पुरं करून आणतो. बाबांना बोलू नकोस हं."

"न्या ना काका. किती खूश होतील ते!"

फुकट नेणे रीतीत बसत नव्हते, म्हणून माझ्या जागी त्याने स्वतःचा एक न साफ केलेला दगड ठेवला.

एगॉनने माझ्यावर जीव ओतला. माझ्या बारीक बारीक रेघा मोकळ्या झाल्या. खोटे कशाला बोलू, मीही हुरळून गेलो होतो.

लेओनहार्ट परतला त्या दिवशी हेडविगने सफरचंदाचा केक केला होता. एगॉनने मला कापसात ठेवून पुढे केले. लेओनहार्टने मला उचलले, अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला, आणि उजेडाला नेले.

"एगॉन, तिची जागा कुठली रे?"

"शोधून दाखव! सगळा असा एकसारखा केलाय की मलासुद्धा सांगता यायचं नाही," एगॉन अभिमानाने म्हणाला. मग त्याने मित्राचा चेहरा पाहिला, आणि हातातला काटा खाली ठेवला. "लेओनहार्ट... अरे, मला वाटलं..."

"छान केलंस," लेओनहार्ट म्हणाला. रडू आवरत नव्हते त्याला, तरी तेवढे म्हणाला.

मित्रांनो, कोणाची अर्धी राहिलेली वस्तू पुरी करायला हात शिवशिवले, तर आधी विचारा. कधी कधी तेवढे अर्धेच त्याच्यापाशी उरलेले असते.

मी पुन्हा खिडकीत आहे. रोज सकाळी लेओनहार्टचा अंगठा माझ्या पाठीवर तिची जागा शोधत फिरतो. ती जागा कुठे आहे ते मला पक्के ठाऊक आहे. कितीदा तो अगदी तिच्यावरून जातो, आणि पुढे निघून जातो.