शिट्टीचा पहारा

आमच्या खैराळे गावात ग्रामपंचायतीच्या फळ्यावर पावसाळाभर रोज सकाळी पाऊस लिहिला जातो. काल वरच्या वाडीवर किती पडला आणि आज पहाऱ्याला कोण. घरपट्टीची सूचना असो, नाहीतर आयुष्मान कार्डाच्या शिबिराची, लोक ती जाता जाता वाचतात. पावसाच्या ओळीपुढे मात्र थांबतात. एसटीतून उतरलेला पाहुणा विचारतो, हे काय बुवा? मग ज्याला विचारलं तो आपलं काम विसरून सांगत बसतो. मला कुणी विचारलेलं नाही, तरी सांगते.

वरची वाडी म्हणजे डोंगराच्या कुशीतली दहा-बारा घरं. खाली गाव, मध्ये ओढा, ओढ्यावर लाकडी साकव आणि पलीकडे चढण. वाडीमागच्या उताराला भेग पडली तेव्हा तालुक्याहून माणसं येऊन बघून गेली. घरं हलवावी लागतील म्हणाली, पण जागा मिळेपर्यंत पावसाळ्यात डोळ्यांत तेल घालून जपा. मग पाऊस मोजायचं एक माप आलं, त्यावर लाल रेघ. हाताने फिरवायचा एक भोंगा आला. माप रेघेला लागलं की भोंगा वाजवायचा आणि वाडी खाली आणायची. सगळं आलं, फक्त तिथं बसणारा माणूस आला नाही.

आमची सरपंच नम्रता, माझ्या पुतण्याची बायको. तिने सभेत विचारलं, "वर कोण बसेल?"

"पगार काय?" मागून आवाज आला.

"तरतूद नाही."

जो तो वरच्या पंख्याकडे बघायला लागला.

मी पंचायतीची सदस्य आहे खरी, पण सभेत फारशी बोलत नाही. माझा जीव कीर्तनात. त्या दिवशी मात्र तोंडातून निघून गेलं, "सप्ताहात वीणा धरायला कुणाला पगार देतो गं आपण?"

आमच्या मारुतीच्या देवळात दरवर्षी हरिनाम सप्ताह बसतो. सात दिवस वीणा जमिनीला टेकत नाही. गळ्यात वीणा घेऊन एक जण उभा असतो. त्याचा पहारा संपला की दुसरा येतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते. थोरला असो, धाकटा असो, दोघांनी वाकायचं. "तसाच इथं लावू," मी म्हटलं. "वीणेच्या जागी शिट्टी. जो पहाऱ्यावर, त्याच्या गळ्यात."

मुनाफ टेंपोवाला हसला. "काकी, वीणा काय मला धरता यायची नाय. शिट्टी धरतो. मंगळवार माझा लिवा, त्या दिवशी भाडं नसतंच."

मग भिवाजीबुवा उभे राहिले. गावातले सर्वांत जुने वीणेकरी. काठीसारखे सरळ, आणि स्वभावानेही तसेच. "पहारा लावताव तर नियम बी लावा," ते म्हणाले. "बदलीचा माणूस येऊन पाया पडल्याबिगर जागा सोडायची नाय. मग वरनं आभाळ कोसळंना का."

आम्ही टाळ्या वाजवल्या. आभाळाचं ते बोलणं कुणी मनावर घेतलं नाही.

नम्रताबद्दल माझ्या मनात तेव्हा एक खंत होती. पोरगी कामाची, पण कीर्तनाला यायची ती मागे दाराशी बसायची. मांडीवर लॅपटॉप, कानाशी मोबाईल. एकीकडे महाराज आख्यान रंगात आणतायत आणि ही कुणाच्या तरी आजीचा अंगठा मशीनवर टेकवतेय. मी एकदा म्हटलं, "नम्रता, कीर्तन शिरतं का गं तुझ्या कानात?"

"शिरतं ना काकी."

"कुठल्या? त्यात तर मोबाईल असतो."

ती हसली नुसती.

आषाढात पहिल्यांदा भोंगा वाजला. सगळी वाडी देवळाच्या सभामंडपात आली. मुनाफने टेंपोतून म्हातारी माणसं आणली, त्याच्या बायकोने, अनिसाने, पातेलंभर खिचडी पाठवली. दोन दिवस पाऊस कोसळला आणि उघडला. डोंगराचा दगडही हलला नव्हता. वाडी परत गेली, आणि तासाभरात मोतीबाई, तिथली सर्वांत जुनी म्हातारी, तणतणत ग्रामपंचायतीत आली.

"सरपंचबाय, डोंगर हाय तिथंच हाय. माझ्या तीन कोंबड्या तेवढ्या सरकल्या!"

मुंगसाने नेल्या होत्या. सगळं ऑफिस हसलं. नम्रता तेवढी हसली नाही आणि उलटही बोलली नाही. आठवड्याभरात देवळामागे जाळीचा मोठा खुराडा उभा राहिला. पण बोलणी थांबली नाहीत. चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणायचंच, "काय रं, आज डोंगर पडणार हाय का? मंग मी सुट्टी टाकतो."

श्रावणातल्या सोमवारी दुपारी भोंगा पुन्हा वाजला.

संध्याकाळी कीर्तन होतं, म्हणून मी देवळात हार ओवत होते. बाहेर असा पाऊस की समोरची शाळा दिसेना. डोंगराची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती, लोक या वेळी येतील का?

आले. सर्वांत पुढे मोतीबाई, डोक्यावर टोपलं आणि टोपल्यात कोंबड्या. मला बघून म्हणाली, "अशी काय बघतीस गं? भिवाजी वाजवतोय. तो मस्करी करणारा मानूस नाय."

नम्रताने घरागणिक नावं घेतली. सगळी आली होती, पाळण्यातल्या बाळापर्यंत.

"आणि बुवा कुठायत?" तिने विचारलं.

कुणालाच माहीत नव्हतं. तिने फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"बुवा, निघालात ना?"

"कसा निघू? बदली आली नाय."

बदलीला नवीन नावाचा पोरगा होता. तो कुंभिवलीच्या कंपनीतून सुटून परस्पर वर जाणार होता. त्याला फोन केला तर म्हणाला, "वयनी, हायवेवर पानी भरलंय, बाईक बंद पडली. चालत येतोय, पण टाइम लागंल."

नम्रताने पुन्हा बुवांना लावला. "नवीन अडकलाय. माप किती झालं?"

"रेघेच्या वर. ओतून परत लावलं, ते बी भरत आलं."

"मग या ना खाली!"

"वाडी उतरली ना? झालं तर. नवीन येईस्तवर मी हाय."

फोन बंद. मंडपात एकच गलका. कुणी म्हणालं, चौघं जाऊन उचलून आणा. बुवांना उचलून आणणारा आमच्या गावात अजून जन्माला यायचाय. त्यांचा हात एकदा वीणेवर पडला की त्यांना देवसुद्धा हलवू शकत नाही, हे मी लग्न होऊन आल्यापासून बघत आले होते. वीणेच्या जागी शिट्टी लावा म्हणणारी मीच. हातातला हार तसाच सोडून मी उठले.

"काकी, तुम्ही कुठं?"

"तुझं ऐकणार नाय तो. माझं ऐकेल."

मुनाफने आम्हाला साकवापर्यंत सोडलं. ओढा लाल होऊन फुगला होता. "मी हितंच थांबतो," तो म्हणाला. "पानी फळीला लागलं की हॉर्न मारतो. हॉर्न ऐकला की एक मिनिट थांबू नका, भाभी."

चढण नेहमीची, पण त्या दिवशी पायाखालून पाणी वाहत होतं. माझा एक हात नम्रताच्या खांद्यावर आणि तोंडात नाम. वर पोहोचलो तर चार खांबांवरच्या पत्र्याखाली बुवा उभे. बसायला बाक होता, तरी उभे. शिट्टीच्या लाल दोरीवर हात असा ठेवलेला, जणू वीणाच गळ्यात आहे.

"वयनी, तुमी कशाला आलाव चिखलात?" त्यांनी मला विचारलं.

"तुम्हाला न्यायला. चला."

"नियम काय ठरला व्हता?"

"ठरला होता तो माणसं वाचवायला! तुम्ही माणूस नाय का?"

"आज सोयीसाठी मोडला, तर उद्या कोन पाळंल? पोरं म्हनतील, बुवा गेला, आमी बी जातो. मंग वाडीला कोन उठवंल?"

खोटं काही बोलत नव्हते. मी पदर खोचला. "मग मी घेते पहारा. या, पाया पडते."

"घ्या. मी खाली आनि तुमी हितं. तुमची बदली कोन?"

तेवढ्यात खालून मुनाफचा हॉर्न वाजला, लांबलचक.

नम्रता पुढे झाली आणि शाळेतल्या पोरीसारखं विचारलं, "बुवा, सप्ताहाच्या शेवटी, काल्याच्या दिवशी वीणा कुठं असते?"

"म्हंजे?"

"दिंडी निघते ना गावातून? तेव्हा वीणा देवळात ठेवून जाता?"

"देवळात कशी? वीणेकऱ्याच्या गळ्यात. टाळकऱ्यांच्या मागं."

"म्हणजे चालते."

"चालते तर."

"जमिनीला टेकते? पहारा मोडतो?"

"कसा मोडंल? वीणा गळ्यातच..." बुवा बोलता बोलता थांबले. शिट्टीवरचा हात तिथेच राहिला.

"वाडी खाली गेली बुवा. जिची राखण करायची ती खाली आहे, मग पहारा इथं कुणाचा करताय? शिट्टी काढू नका. कुणाला देऊ नका. पण चालवा. मी पुढं टाळकरी, काकी मागं." आणि तिने त्या धो धो पावसात टाळ्यांवर ठेका धरला. "रामकृष्ण हरी! जय जय रामकृष्ण हरी!"

खरं सांगते, तिचा सूर काही लागला नव्हता. पण पत्र्यावरच्या पावसालाही तो ऐकू गेला असेल. बुवांचे डोळे भरून आले. त्यांनी वाकून त्या जागेला हात लावला, कपाळाला लावला आणि पाऊल उचललं. पहिलं पाऊल पडताच त्यांचा तो खणखणीत आवाज उठला आणि नम्रताचा सूर त्याखाली झाकून गेला. बरंच झालं ते!

अशी आमची तिघांची दिंडी डोंगर उतरली. साकवावर पाणी फळीला टेकत होतं. मुनाफ अर्ध्यावर येऊन हात पुढे करून उभा होता. त्याने एकेकाला पलीकडे ओढलं आणि म्हणाला, "बुवा, भजन नंतर, आधी टेंपोत बसा."

महाराज कर्जतलाच अडकले होते, कीर्तन झालं नाही. पण बुवा सभामंडपात वाडीच्या मधोमध उभे राहिले, शिट्टी गळ्यात तशीच. दिवेलागणीला नवीन चिखलाने माखून आला. दारातच बुवांच्या पाया पडला. बुवा त्याच्या पाया पडले. शिट्टी या गळ्यातून त्या गळ्यात गेली, आणि मग कुठे म्हातारा खाली बसला आणि म्हणाला, "कोनी च्या देईल का?"

सकाळी उघडलं. डोंगर उभा होता, वाडी उभी होती. साकव मात्र नव्हता. ओढ्याने मुळासकट नेला होता. मोतीबाई देवळाच्या पायरीवर बसून वर बघत म्हणाली, "डोंगर हाय तिथंच हाय." मग खुराड्यात डोकावली. "आनि कोंबड्या बी."

पुढच्या ग्रामसभेत बुवांनी स्वतः नियम दुरुस्त करून घेतला. फळ्यावर पावसाच्या ओळीखाली तो आजही आहे: भोंगा वाजला की पहारा वाडीबरोबर चालतो. साकवाच्या जागी पक्का पूल मंजूर झालाय, खांब उभे राहिलेत. पहाऱ्यात आता वाडीतल्या बायकाही आहेत, बुधवार मोतीबाईचा.

यंदाच्या सप्ताहात तिसऱ्या दिवशी दुपारी भिवाजीबुवांचा पहारा संपत आला. नम्रता नेहमीसारखी दाराशी, मांडीवर लॅपटॉप. बुवांनी बदलीच्या माणसाला हाताने थांबवलं आणि दाराकडे बघत हाक दिली, "सरपंच, या."

सगळा मंडप वळून बघायला लागला. आमच्या देवळात वीणा तोवर कुठल्या बाईच्या गळ्यात गेली नव्हती. नम्रता बावरून उठली, पुढे आली, वाकली. ऐंशीला टेकलेले बुवाही तिच्या पायाशी वाकले. मी डोळ्यांना पदर लावला, लपवू कशाला!

वीणा गळ्यात घेताना तिने मोबाईल माझ्या हातात दिला. "काकी, तासभर सांभाळा."

तासभर तो थरथरत होता. नळाला पाणी नाही, दाखला कधी मिळेल, गटाराचं झाकण फुटलंय. मी चष्मा लावून एकेकाला लिहीत होते: सरपंच पहाऱ्यावर आहेत. थोडं थांबा.