वसुलीला नेलेली मासोळी

लिलाधर ठेकेदाराने आमच्या घराच्या भिंती उभ्या केल्या, स्लॅबचे पैसे उचलले आणि मिक्सर घेऊन गेला तो परत आलाच नाही. भिंतींनी पावसाळा उघड्यानेच काढला. आतून हिरव्या झाल्या. मी आणि यशोदा शेजारच्या नत्थूच्या पडवीत राहत होतो.

आमची ममता पहिलटकरीण. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. पण छप्पर झाल्यावरच पाठवू, असा तिच्या सासरचा निरोप होता. त्यांचं चुकलं असं मला म्हणता येईना. बाळंतीण दुसऱ्याच्या पडवीत कशी ठेवायची?

लिलाधरचा फोन लागत नव्हता. पोलीस ठाण्यात गेलो, तर लिहून काही घेतलं होतं का म्हणून विचारलं. घेतलं नव्हतं. मग मी सायकलने अड्याळला, त्याच्या घरी जायला लागलो.

पहिल्या खेपेला पिशवीत एक मरळ घेतली. आम्ही तलावावर मासे धरणारी माणसं. कोणाच्या घरी जायचं तर मासोळी नेतोच. रिकाम्या हाताने दारात उभं राहणं जमत नाही, मग घर कोणाचंही असो.

लिलाधर नव्हता. त्याची म्हातारी आई तुळसाबाई होती. तिने मासोळी घेतली, चहा दिला, पोरगा नागपूरकडे कामावर गेला म्हणाली. चहा पिऊन त्याच घराला वाकडं कसं बोलायचं? परत आलो. पुढच्या खेपांनाही तसंच झालं. एकदा मासोळी मिळाली नाही, तर तुळसाबाईनेच विचारलं, "भाऊ, आज मरळ नाही का?"

हे घरी सांगितलं तेव्हा यशोदा जाळं सांधत बसली होती.

"तुमी वसुलीले जाऊन राहिले का सोयरिकीले?" ती म्हणाली. "त्यानं आपलं छप्पर खाल्लं, न तुमी त्याच्या घरी मासोळी चारता."

पुढच्या खेपेला ती स्वतः कॅरिअरवर बसली. हातात पिशवी नव्हती. चढावर उतरून गुडघा धरत चालली.

तुळसाबाईने पाण्याचा गडवा आणला. यशोदाने हात लावला नाही.

"पाणी तरी घे बाई. उन्हातून आली."

"माही पोरगी कुठी बाळंत होईल, तेवढं सांगा. मंग घेईन."

आणि ती पायरीवर बसली. ऊन डोक्यावरून कललं. रस्त्याने जाणारे वळून पाहत होते. तुळसाबाईने चहा केला, तो तसाच निवला. दारातून माणूस तहानलेलं जाणं काय असतं, ते तिला कोणी सांगायला नको होतं. माझाही घसा सुकला होता. यशोदाच्या भीतीने मी गडव्याकडे पाहिलं नाही.

शेवटी म्हातारी आमच्याजवळ खाली बसली.

"पोरगा मले बी फोन करत नाही," ती म्हणाली. "पैसा माह्यापाशी नाही. गोठ्यावर टिना आहेत, याच्या बापानं घेतलेल्या. त्या न्या."

गोठ्यात एक थकलेली गाय बांधलेली होती. तिचं काय, मी विचारलं. वर धानाचं तणीस टाकीन, म्हातारी म्हणाली.

यशोदाने गडवा उचलला, पाणी प्याली, मग माझ्याकडे दिला.

टिनाचे ते पत्रे एका खोलीपुरते झाले. वाऱ्याने उडू नयेत म्हणून वर विटा ठेवल्या. ममता आली, त्याच खोलीत तिला मुलगी झाली. लिलाधर काही आला नाही. ज्याने खाल्लं त्याच्याकडून एक रुपया सुटला नाही. सुटलं ते म्हातारीच्या गाईवरचं छप्पर. हे मनातून जात नाही, आणि पैशावर पाणी सोडणंही परवडत नाही.

म्हणून परवा पुन्हा अड्याळला निघालो. या वेळी मासोळी घेतली नव्हती. सायकल काढली, तर कॅरिअरला पिशवी बांधलेली आणि आत मरळ हलत होती.

"हे काहून वो?" मी विचारलं.

यशोदा नातीला मांडीवर घेऊन बसली होती. मान वर न करता म्हणाली, "म्हातारीले द्या. चहा पेऊन बी पैसे मांगता येतेत. या खेपेले मांगा."